अहवालात नसलेली ओळ

फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की घरातल्या चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसांना एका तपासणीची हटकून आठवण होते. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचे नाही, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे आणि संध्याकाळी एक कागद घरी आणायचा. कागदावर ‘लिपिड प्रोफाइल’ असे शीर्षक असते. त्याखाली ओळी असतात : एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल. मर्यादेबाहेर गेलेला आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि त्या एका आकड्यावरून घरात तुपाची धार पुढचे काही महिने बारीक होते.

या ओळींतल्या दोन बहुतेक ठिकाणी मोजलेल्याच नसतात. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तिघांनी १९७२ साली एक सोपे सूत्र मांडले. ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला पाचाने भागले की व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल मिळते. ते आणि एचडीएलमधले कोलेस्टेरॉल एकूणातून वजा केले की उरते ते एलडीएलमधले. अनेक प्रयोगशाळा आजही या वजाबाकीवर चालतात. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर गेले की सूत्र कोलमडते. एरवी ते कामाचे आहे.

पण या कागदावर एक ओळ मुळातच नसते. निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण २०० मिलिग्रॅम फॉस्फोलिपिडे असतात. म्हणजे ज्या कोलेस्टेरॉलने आपली झोप उडवली आहे, जवळजवळ त्याच्याइतकीच. उपाशीपोटीच्या ट्रायग्लिसराइडपेक्षा तर ती बहुधा जास्तच भरतात. ही फॉस्फोलिपिडे नसती तर रक्तातून मेदाचा एक कणही धड वाहून नेता आला नसता. तरीही अहवालात त्यांचे नाव नाही. असे का झाले आणि त्या न छापलेल्या ओळीत काय दडले आहे, याचा शोध घेण्यासारखा आहे.

दोन्ही घरचा पाहुणा

तेल आणि पाणी यांचे जमत नाही, हे आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. रक्त हे मुख्यतः पाणी. त्यातून आतड्यातली स्निग्ध द्रव्ये यकृताकडे, यकृतातली स्नायूंकडे आणि पेशींतले जादा कोलेस्टेरॉल परत यकृताकडे न्यायचे म्हणजे तेलाची वाहतूक पाण्यातून करायची. त्यासाठी असा मध्यस्थ हवा, ज्याला दोन्ही घरी मान आहे.

फॉस्फोलिपिडाचा रेणू तसाच असतो. त्याचे एक टोक फॉस्फेटचे. त्याला पाणी आवडते. दुसऱ्या बाजूला मेदाम्लांच्या दोन लांब शेपट्या. त्यांना पाणी चालत नाही, तेल चालते. असे शेकडो रेणू एकत्र आले की डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या आत तेलाकडे अशी रचना आपोआप होते. आत तेलाचा थेंब, बाहेर फॉस्फोलिपिडांची एकेरी साल, त्या सालीत अधूनमधून मोकळे कोलेस्टेरॉल आणि सगळ्याला कवेत घेणारे प्रथिन. हा झाला लायपोप्रोटीनचा कण. एलडीएल, एचडीएल ही या कणांच्या प्रकारांची नावे आहेत. ती कोलेस्टेरॉलच्या जाती नव्हेत. ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी दोन कोलेस्टेरॉल निसर्गात नाहीत. रेणू एकच, फरक आहे तो वाहनाचा. आपला अहवाल प्रत्येक वाहनातले ठरावीक सामान मोजतो. वाहन कशाचे बनले आहे ते सांगत नाही.

मध्यस्थ रेणूंपैकी सर्वांत मुबलक तो लेसिथिन. आजच्या रसायनशास्त्रात त्याला फॉस्फॅटिडिलकोलीन म्हणतात. फ्रेंच औषधशास्त्रज्ञ थिओडोर गोब्ले यांना तो अंड्याच्या बलकात सापडला. बलकाला ग्रीक भाषेत ‘लेकिथोस’ म्हणतात, त्यावरून त्यांनी १८५० मध्ये हे नाव दिले. दुसरा महत्त्वाचा रेणू स्फिंगोमायेलिन. लंडनमध्ये स्थायिक झालेले जर्मन डॉक्टर थुडिखुम मेंदूचे रसायन उकलत होते. तिथे मिळालेल्या एका पदार्थाने त्यांना इतके कोड्यात टाकले, की कूट प्रश्न विचारणाऱ्या स्फिंक्सवरून त्यांनी त्याला नाव दिले. मेंदूच्या रसायनावरचा त्यांचा ग्रंथ १८८४ साली प्रसिद्ध झाला. बलक आणि मेंदू यांत सापडलेले हे दोन रेणू रक्तात जोडीने वावरतात आणि त्यांच्यातल्या प्रमाणालाच अर्थ असतो, हे कळायला मात्र आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

मलईचे यंत्र आणि निळा रंग

रक्तातला मेद प्रथिनांशी बांधलेला असतो हे प्रथम नेटकेपणाने दाखवले ते पॅरिसच्या मिशेल माशबफ यांनी, १९२९ मध्ये. घोड्याच्या रक्तातून त्यांनी एक असा घटक वेगळा काढला, ज्यात प्रथिन, फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल एकत्र नांदत होते. तो पुन्हा पुन्हा विरघळवून साका बनवला तरी त्यातले प्रमाण ठरलेलेच राही. म्हणजे ही आपोआप झालेली भेसळ नव्हती. एक बांधीव वस्तू होती. माशबफ यांच्या हाती लागलेला घटक आजच्या भाषेत एचडीएल होता.

पुढची झेप यंत्राची. गावच्या दूध डेअरीत मलई काढायचे यंत्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना कल्पना येईल : दूध वेगाने गरगर फिरवले की हलकी मलई एकीकडे आणि जड दूध दुसरीकडे होते. रक्तद्रवात मीठ घालून त्याची घनता हवी तशी वाढवायची आणि मग मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने ते तासन्‌तास फिरवायचे. मेद जास्त असलेले कण वर तरंगतात, प्रथिन जास्त असलेले खाली राहतात. कॅलिफोर्नियात बर्कलीला जॉन गॉफमन यांनी हे तंत्र माणसाच्या रक्तासाठी वापरले आणि १९५० साली लायपोप्रोटीनांचा संबंध धमन्यांच्या आजाराशी जोडला. १९५५ मध्ये अमेरिकेतल्याच हॅवेल, एडर आणि ब्रॅग्डन यांनी रक्तातले कण घनतेच्या पायऱ्यांनी वेगळे करण्याची पद्धत इतकी सुटसुटीत केली, की जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली. एलडीएल म्हणजे १.०१९ ते १.०६३ घनतेचे कण आणि एचडीएल म्हणजे १.०६३ ते १.२१ घनतेचे, या हद्दी तेव्हापासून रूढ झाल्या.

कण वेगळे झाले. आता त्यांतली फॉस्फोलिपिडे मोजायची कशी? इथे या गोष्टीत एक भारतीय नाव येते. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव १९२३ मध्ये अमेरिकेला गेले. हार्वर्डला सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची रंगपद्धत प्रसिद्ध केली. नमुना आम्लात पूर्ण जाळायचा, त्यात मॉलिब्डेट मिसळायचे आणि उमटणाऱ्या निळ्या रंगाची गडदता मोजायची. रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. फॉस्फोलिपिडाच्या साधारण २५ भाग वजनात १ भाग फॉस्फरस असतो. म्हणून आलेल्या आकड्याला २५ ने गुणले की झाले. १९५९ मध्ये बार्टलेट यांनी याच पद्धतीत सुधारणा केली आणि लिपिडांच्या प्रयोगशाळांत ती पुढे कित्येक दशके नांदली. जगभरच्या रक्तातली फॉस्फोलिपिडे अशी सुब्बारावांच्या निळ्या रंगाने मोजली गेली.

त्याच १९५९ साली न्यूयॉर्कच्या जेराल्ड फिलिप्स यांनी या दोन वाटा एकत्र आणल्या. माणसाच्या रक्तातले कण घनतेनुसार वेगळे करायचे आणि मग प्रत्येक गटातल्या फॉस्फोलिपिडांची जातवार मोजदाद करायची. एकूण किती हा प्रश्न मागे पडला. कोणती किती, हा पुढे आला.

बटाट्याची साल

या आणि यानंतरच्या मोजमापांतून जे चित्र तयार झाले ते असे. जेवणानंतर आतड्यातून निघणारे कायलोमायक्रॉन हे सर्वांत मोठे कण. त्यांच्या वजनात फॉस्फोलिपिडांचा वाटा दहा टक्क्यांहून कमी. यकृतातून निघणाऱ्या व्हीएलडीएलमध्ये तो सुमारे १८ टक्के, एलडीएलमध्ये २० ते २२ टक्के आणि सर्वांत लहान अशा एचडीएलमध्ये २५ ते ३० टक्के.

हा चढता क्रम समजायला सोपा आहे. किलोभर मोठे बटाटे सोलले तर साल थोडी निघते. किलोभर बारीक बटाटे सोलले तर सालींचा ढीग पडतो. फॉस्फोलिपिड ही साल आहे. कण जितका लहान तितकी त्याच्या वजनात साल जास्त.

पण सालीतला जातींचा हिशेब केवळ आकारावरून सुटत नाही. रक्तद्रवातल्या एकूण फॉस्फोलिपिडांपैकी सुमारे ७० टक्के लेसिथिन, २० टक्क्यांच्या आसपास स्फिंगोमायेलिन आणि उरलेल्यात लायसोलेसिथिन, सेफॅलिन वगैरे मंडळी. ही झाली सरासरी. एलडीएलमध्ये स्फिंगोमायेलिनचा वाटा पावहिश्शाच्या आसपास जातो. एचडीएलमध्ये तो आठव्या हिश्शापर्यंत खाली येतो. एलडीएलचा एक कण घेतला तर त्याच्या सालीत साधारण ७०० फॉस्फोलिपिड रेणू असतात. त्यांत सुमारे ४५० लेसिथिनचे आणि १८५ स्फिंगोमायेलिनचे.

हा फरक पडतो कारण दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. लेसिथिनच्या शेपटीत बहुधा एक वाकडे मेदाम्ल असते. त्यामुळे त्याचे रेणू सैलसर बसतात आणि साल हलती राहते. स्फिंगोमायेलिनच्या शेपट्या सरळसोट असतात. ते कोलेस्टेरॉलला बिलगून दाटीवाटीने बसते आणि साल घट्ट करते. शिवाय लेसिथिन हा खर्चाचा माल आहे : रक्तातली विकरे त्याच्यावर काम करतात, त्याची शेपटी तोडून दुसरीकडे वापरतात. स्फिंगोमायेलिनला ही विकरे हात लावत नाहीत. व्हीएलडीएल आपले सामान वाटत वाटत आक्रसते आणि शेवटी एलडीएल होते. त्या प्रवासात लेसिथिन खर्ची पडते आणि स्फिंगोमायेलिन मागे उरते. जुन्या एलडीएलच्या अंगावर प्रवासाचा हिशेब असा लिहिलेला असतो.

त्या हिशेबाला पुढे किंमत मोजावी लागते. धमनीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएलवरचे स्फिंगोमायेलिन तिथले एक विकर तोडते, तेव्हा ते कण एकमेकांना चिकटून गोळे बनतात. असे गोळे पांढऱ्या पेशी गिळत सुटतात आणि मेदाने फुगतात. धमनीतल्या थराची सुरुवात अशा फुगलेल्या पेशींनीच होते.

नॉर्वेतली तीन रक्ते

लेसिथिन खर्च होते म्हणजे नेमके काय होते, हे सिएटलच्या जॉन ग्लॉमसेट यांनी १९६२ मध्ये दाखवले. रक्तातले एक विकर लेसिथिनची एक शेपटी तोडून कोलेस्टेरॉलला जोडते. त्या विकराचे नाव एलसीएटी. शेपटी मिळालेले कोलेस्टेरॉल पूर्ण तेलकट होते आणि सालीतून कणाच्या पोटात उतरते. सालीवर जागा मोकळी होते आणि पेशींतले आणखी कोलेस्टेरॉल तिथे येऊन बसू शकते. हे काम प्रामुख्याने एचडीएलवर चालते. मागे उरते एका शेपटीचे लायसोलेसिथिन. म्हणजे एचडीएल जे कोलेस्टेरॉल गोळा करते त्याचे मोल लेसिथिन चुकते करत असते.

हे सारे परीक्षानळीतले खरे, पण शरीरात त्याचा किती संबंध? उत्तर नॉर्वेहून आले. १९६७ मध्ये नोरुम आणि योने या डॉक्टरांनी एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे वर्णन केले. तिच्या डोळ्यांच्या पारदर्शक पडद्यावर धुरकट छटा होती, रक्त कमी होते, लघवीतून प्रथिने जात होती. पुढे तिच्या दोन बहिणींतही तेच आढळले. तिघींच्या रक्तात एलसीएटी हे विकर जवळजवळ नव्हतेच. शेपटी जोडलेले कोलेस्टेरॉल नगण्य, मोकळे कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन भरमसाट, लायसोलेसिथिन कमी. खर्च न झालेले लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल तांबड्या पेशींच्या आवरणात घुसले होते, म्हणून त्या पेशी बिघडल्या. ते मूत्रपिंडात साठले, म्हणून प्रथिने गळू लागली.

या बहिणींच्या एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून कोणालाही या आजाराचा माग लागला नसता. माग लागला तो घटकांचे आपसातले प्रमाण पाहिल्यावर.

एलडीएलचा तोतया

असाच एक धडा कावीळ देते. पित्तमार्ग खड्याने वा गाठीने अडला की पित्त रक्तात उलटते. पित्तात लेसिथिन आणि मोकळे कोलेस्टेरॉल मुबलक असते. हे दोन्ही रक्तात आले की त्यांचे पोकळ फुगे तयार होतात. झायडेल, अलाउपोविच आणि फरमन यांनी १९६९ मध्ये त्यांची ओळख पटवली. नाव पडले लायपोप्रोटीन-एक्स. याच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश फॉस्फोलिपिडे असतात. पोटात तेलाचा थेंब नसतोच. साल दुहेरी असते आणि आत पाणी.

गंमत अशी की या फुग्यांची घनता एलडीएलच्याच हद्दीत पडते. त्यामुळे अशा रुग्णाच्या अहवालात एलडीएलचा आकडा भयंकर वाढलेला दिसू शकतो आणि तो खऱ्या एलडीएलचा नसतो. आकडा पाहून घाबरलेला नातेवाईक कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल विचारतो. खरा उपचार असतो पित्तमार्गातला अडथळा काढण्याचा. अडथळा निघाला की हे फुगे रक्तातून ओसरतात. दोन कण एका घनतेचे असले तरी एका घडणीचे असतीलच असे नाही, हे इथे आजाऱ्याच्या उशाशी बसून शिकावे लागते.

मग ही ओळ का नाही?

याचे उत्तर साधे आहे आणि त्यात कोणाचा कट नाही. एकूण फॉस्फोलिपिडांचा आकडा बहुतेक माणसांत कोलेस्टेरॉलच्या मागोमाग वरखाली होतो. ती एलडीएलमध्येही असतात आणि एचडीएलमध्येही. त्यामुळे नुसती बेरीज धोका सांगत नाही. कोलेस्टेरॉल मोजणे सोपे आणि स्वस्त ठरले, हजारो माणसांवरची दीर्घ निरीक्षणे त्याच आकड्यांवर उभी राहिली आणि एलडीएल कमी केल्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात हे औषधांनी वारंवार सिद्ध केले. म्हणून डॉक्टर एलडीएलबद्दल जे सांगतात ते मनावर घ्यावे. या लेखातले काहीही त्याच्या विरोधात नाही.

पण एका आकड्यावर फार विसंबले की काय होते, हेही आपण पाहिले आहे. एचडीएल जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी होतो, मग औषधाने एचडीएल वाढवले तर? टॉरसेट्रापिब या औषधाने एचडीएलमधले कोलेस्टेरॉल ७० टक्क्यांहून अधिक वाढवले. सुमारे १५,००० माणसांवर चाचणी सुरू होती. डिसेंबर २००६ मध्ये ती थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. त्याला औषधाचे इतर दुष्परिणामही कारण होते. तरी त्यानंतर आलेल्या भावंड-औषधांचा अनुभवही हेच बजावतो, की एचडीएलच्या पोटातले सामान वाढले म्हणजे त्याचे काम वाढले असे नाही. पेशीतून कोलेस्टेरॉल उचलण्याची एचडीएलची क्षमता स्वतंत्रपणे मोजता येते. २०११ मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी दाखवले, की या क्षमतेचा हृदयविकाराशी असलेला संबंध एचडीएलच्या आकड्यापलीकडचा आहे. आणि ही क्षमता ज्या गोष्टींवर ठरते त्यांत सालीतली फॉस्फोलिपिडे आहेत.

मग तशी सालच टोचून दिली तर? तोही प्रयत्न झाला. एचडीएलचे मुख्य प्रथिन आणि लेसिथिन एकत्र करून बनवलेले कण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १८,००० हून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तपासले गेले. २०२४ मध्ये निकाल लागला : ९० दिवसांत अपेक्षित फरक दिसला नाही. फॉस्फोलिपिडांचे ज्ञान अजून औषध झालेले नाही, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. दुकानात मिळणाऱ्या लेसिथिनच्या कॅप्सूलबद्दल तर अधिकच. आपण खाल्लेले लेसिथिन आतड्यात तोडले जाते आणि नव्याने जोडले जाते. ते जसेच्या तसे एचडीएलच्या अंगावर जाऊन बसत नाही.

एक गोष्ट मात्र रोजच्या ताटातून सालीपर्यंत पोचते : शेपटी. लेसिथिनची वाकडी शेपटी बहुधा लिनोलिक किंवा अ‍ॅरॅकिडोनिक आम्लाची असते आणि तिचे मिश्रण आपण कोणता मेद खातो यावर बदलते. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर, शेंगदाण्याच्या तेलात ओलिकचे वजन जास्त, बांगड्या-तारलीत ओमेगा-३ मेदाम्ले. कोकणातले आणि विदर्भातले जेवण काही आठवड्यांत रक्तातल्या फॉस्फोलिपिडांच्या शेपट्यांवर आपली खूण उमटवते. कोणी काय खाल्ले हे पडताळण्यासाठी संशोधक माणसाच्या आठवणीपेक्षा या शेपट्यांवर अधिक भरवसा ठेवतात.

तेव्हा फराळानंतरचा तो कागद हातात आला की ठळक आकडा जरूर पाहावा आणि डॉक्टरांशी बोलावे. फक्त एवढे ध्यानात असू द्यावे, की तिथे मोजलेले आहे ते सामान. ते सामान ज्या सालीतून पाण्यावरून वाहत आले, ती बलकात आणि मेंदूत सापडलेल्या दोन रेणूंची आहे. एक खर्च होत जातो, दुसरा मागे राहतो. त्या दोघांतले प्रमाण अजून आपल्या अहवालात उतरलेले नाही.